रविवारची राज्यघटना बॅच, कॉलेज रोड : पैसे वसूल, पण एमपीएससीवाल्यांनी विचार करून जा

आधीच सांगून टाकतो, क्लासचं नाव लिहिणार नाहीये. खाली थोडी किरकिर केलीय आणि नाशिक शेवटी केवढंसं आहे. कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत पहिल्या मजल्यावर भरतो, फक्त रविवारी सकाळी, विषय एकच, राज्यघटना. फी तीन हजारांच्या आत. मी टॅक्स कन्सल्टंट, आठवडाभर लोकांची जीएसटी रिटर्न्स भरतो आणि आता या वयात एलएलबीला नाव घातलंय म्हणून हा उद्योग. बॅच एकूण कशी, तर बरी. पण संसदेच्या इम्प्लाइड पॉवर्सचा जो भाग सर घेतात ना, तो असा मी तरी कुठे ऐकला नव्हता, यूट्यूबवर पण नाही, आणि हा रिव्ह्यू मुख्यतः त्याचाच आहे, बाकीचं शेवटी.

गाइडमध्ये हा विषय कसा असतो माहितीये ना. घटनेत स्पष्ट लिहिलेले नाहीत पण लिहिलेले अधिकार राबवायला लागतात ते गर्भित अधिकार, उदाहरणार्थ मॅक्युलॉक विरुद्ध मेरीलँड १८१९, झालं, पाठ करा, पुढे चला. सर इथून सुरूच करत नाहीत. स्लाइड नाही, प्रोजेक्टर नाही, प्रत्येकाच्या हातात बेअर ॲक्ट, म्हणजे घटनेचा नुसता मूळ मजकूर. सातवी अनुसूची उघडा (कुठल्या विषयावर कायदा कोणी करायचा त्याच्या तीन याद्या, केंद्राची संघसूची, राज्याची राज्यसूची आणि दोघांची समवर्ती), संघसूची, एन्ट्री ३६, कुणीतरी एकाने मोठ्याने वाचा. चलन, नाणी, वैध चलन, परकीय चलन. एवढंच आहे तिथे. मग सर विचारतात, यात प्रेस कुठंय?

आता नाशिकमध्ये हा प्रश्न टाकल्यावर काय होणार. बॅचला नाशिकरोडचे एक काका येतात, करन्सी नोट प्रेसमधून रिटायर झालेले, ते एकदम सरसावून बसले. प्रेस १९२८ पासूनची, म्हणजे घटनेच्या आधीची, आणि कागद, शाई, मशिनरी, पहारा, फसलेल्या छपाईची मोजदाद आणि विल्हेवाट, यातलं काहीच त्या एन्ट्रीत नाही. तरी संसदेला या सगळ्यावर कायदा करता येतो, कारण चलनाचा अधिकार दिला म्हणजे चलन चालवायला जे जे लागतं ते त्याच्या पोटातच आलं, त्यासाठी वेगळी ओळ लागत नाही. खोट्या नोटांच्या शिक्षेचं मात्र सरांनी बाजूला काढलं, की बाबांनो ते इम्प्लाइड म्हणू नका, गुन्ह्यांसाठी एन्ट्री ९३ लिहिलेली आहे आणि समवर्ती सूचीत फौजदारी कायदा आहे, लिहिलेलं असताना गर्भित शोधायचं नसतं. हे मला फार आवडलं. परीक्षेत लोक सगळंच इम्प्लाइडमध्ये ढकलतात.

काकांनी लगेच शंका काढली, अहो पण प्रेस तर २००६ पासून कॉर्पोरेशनकडे गेली, मग कंपनी काढायचा अधिकार कुठून आला? सर म्हणाले काका बसा, एन्ट्री ४३ आणि ४४ वाचा, कंपन्या काढायचं तिथे लिहिलेलंच आहे. आणि तिथून गाडी थेट अमेरिकेत, कारण अमेरिकेच्या घटनेत नेमकी हीच एन्ट्री नाहीये.

अमेरिकेचं थोडक्यात लिहितो. तिथे काँग्रेसच्या अधिकारांची यादी अनुच्छेद १ च्या आठव्या विभागात, सगळे मिळून १८ क्लॉज, आणि त्यात बँक नाही की कंपनी नाही. १७९१ ला अर्थमंत्री हॅमिल्टनने राष्ट्रीय बँक काढायचं ठरवलं, परराष्ट्रमंत्री जेफरसन म्हणाला यादीत नाही तर काढता येणार नाही, राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनने दोघांची लेखी मतं मागवली आणि शेवटी सही केली. वीस वर्षांची सनद संपली, मग १८१६ ला दुसरी बँक. मेरीलँड राज्याला ती नको होती म्हणून १८१८ ला त्यांनी टॅक्स लावला, एक तर स्टॅम्पच्या कागदावर नोटा काढा नाहीतर वर्षाला १५,००० डॉलर एकरकमी भरा. बाल्टिमोर शाखेचा कॅशियर मॅक्युलॉक, त्याने भरलं नाही, केस त्याच्या नावावर. (कंपनीचा टॅक्स आणि नोटीस कॅशियरच्या नावाने, आमच्या लाइनमध्ये हे बघून कुणाला आश्चर्य वाटणार नाही.) ६ मार्च १८१९ ला सरन्यायाधीश मार्शलने निकाल दिला, एकमताने, की बँक काढता येते. शेवटच्या क्लॉजमध्ये जे ‘आवश्यक आणि योग्य’ म्हटलंय त्याचा अर्थ ज्याच्यावाचून अडेलच एवढा कडक घ्यायचा नाही. हेतू घटनेत बसणारा पाहिजे, साधन त्या हेतूला धरून पाहिजे आणि घटनेने त्याला मनाई केलेली नको. टॅक्स गोळा करायचा, कर्ज काढायचं, सैन्य पोसायचं, हे अधिकार दिलेले आहेत तर त्यासाठी पैसा इकडून तिकडे न्यायला बँक हे चालणारं साधन आहे. वर राज्याला त्या बँकेवर टॅक्स लावता येणार नाही हेही सांगून टाकलं.

यावर सरांचं एक वाक्य सगळ्या बॅचने वहीत लिहून घेतलं. आईने दळण आणायला पाठवलं तर डबा नेऊ का म्हणून वेगळं विचारावं लागत नाही, पण दळणाच्या नावाखाली पिक्चर बघून आलात तर आई विचारणारच.

इथपर्यंत कुठलाही बरा प्रोफेसर शिकवेल. पण मग सर परत काकांकडे वळले आणि म्हणाले, आता तुमच्या प्रेसची अमेरिकन केस सांगतो. तिथल्या घटनेत काँग्रेसला नाणी पाडायचा अधिकार आहे, कागदी नोटेचं नावच नाही. सिव्हिल वॉरमध्ये पैसे संपले म्हणून १८६२ ला लीगल टेंडर ॲक्ट आणून कागदी डॉलर काढले, सुरुवातीला १५ कोटींचे, ग्रीनबॅक म्हणायचे त्यांना. तेव्हा अर्थखातं होतं सॅल्मन चेसकडे. पुढे हाच चेस सरन्यायाधीश झाला आणि १८७० ला हेपबर्न केसमध्ये म्हणाला की जुन्या कर्जांच्या फेडीसाठी या नोटा सक्तीने घ्यायला लावणं घटनाबाह्य! स्वतःच काढलेल्या नोटा! वर्ग खो खो हसला. मग कोर्टात दोन नवे न्यायाधीश आले आणि सव्वा वर्षातच, १८७१ ला, नॉक्स विरुद्ध ली मध्ये ५ विरुद्ध ४ ने निकाल फिरला. आणि १८८४ च्या ज्युइलियर्ड केसमध्ये ८ विरुद्ध १ ने ठरलं की युद्धच पाहिजे असं नाही, शांततेतही काँग्रेसला कागदी नोट सक्तीचं चलन करता येतं. म्हणजे आज जगभर जो डॉलर फिरतोय तो त्यांच्या घटनेत लिहिलेला नाही, गर्भित अधिकारावर उभा आहे. काका म्हणाले, आणि आम्ही समजत होतो आमच्याच नोकरीत कागदपत्रांचा घोळ आहे.

नोटबंदीचा विषय मग निघणारच होता, निघाला. २ जानेवारी २०२३ चा निकाल, ४ विरुद्ध १. बहुमताने म्हटलं की रिझर्व्ह बँक कायदा १९३४ च्या कलम २६(२) खाली सरकारने नोटिफिकेशन काढलं ते बरोबर. न्या. नागरत्ना यांनी वेगळं मत दिलं, की एवढं मोठं पाऊल सरकारला स्वतःहून उचलायचं असेल तर ते एन्ट्री ३६ खाली कायद्याने किंवा अध्यादेशाने उचलायला हवं होतं, नुसत्या नोटिफिकेशनने नाही. सरांनी इथे कुठलीही बाजू घेतली नाही, फक्त एवढं दाखवलं की अधिकार संसदेचा आहे आणि अधिकार सरकारचा आहे ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि गर्भित अधिकारांची चर्चा संसदेबद्दल चाललीय, मंत्रालयाबद्दल नाही. मागच्या बाकावर दोघांचं राजकारण सुरू झालं होतं, सरांनी चहा मागवून ते मिटवलं.

आपल्याकडे या सगळ्याला अमेरिकेइतकं वजन का नाही, हे त्यांनी नीट समजावलं. तिकडे १८ क्लॉज, आपल्याकडे मुळात संघसूचीत ९७ एन्ट्री, राज्यसूचीत ६६, समवर्ती ४७. बँकिंग, रिझर्व्ह बँक, कंपन्या, सगळं नावानिशी लिहिलेलं. वर कलम २४८ आणि एन्ट्री ९७, म्हणजे कुठेच नसलेला विषय संसदेकडे, टॅक्ससकट. तरी एन्ट्रीचा अर्थ किती ताणायचा हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर स्वातंत्र्याच्या आधीचं आहे. १९४० ला फेडरल कोर्टात संयुक्त प्रांत विरुद्ध अतिका बेगम, विषय शेतसाऱ्याच्या नाही तर कुळांच्या खंडाच्या माफीचा, जमीन या एन्ट्रीत खंडमाफी बसते का. तिथले सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांनी सांगितलं की सूचीतला कुठलाही शब्द आखडता घ्यायचा नाही, त्यात रास्तपणे येणाऱ्या सगळ्या पूरक आणि आनुषंगिक गोष्टी त्यातच धरायच्या. अमेरिकेत जे शेवटच्या क्लॉजमधून आलं ते आपल्याकडे एन्ट्री वाचायच्या पद्धतीतून आलं. आणि हे फक्त संसदेला नाही, विधानसभेलाही तेवढंच लागू. गाइडमध्ये हा मुद्दा शोधून दाखवा.

कांद्याच्या वेळी तर खरंच मजा आली. निफाडकडचा एक पोरगा आहे बॅचमध्ये, घरचा कांदा, एरवी तोंड उघडत नाही. सरांनी विचारलं कांदा कोणाचा? तो म्हणाला शेतकऱ्याचा. सर म्हणाले ते झालंच रे भाऊ, कायद्यात कोणाचा? शेती राज्यसूचीत एन्ट्री १४, बाजार आणि जत्रा एन्ट्री २८, म्हणजे लासलगावची बाजार समिती राज्याच्या कायद्यावर चालते. पण सीमेबाहेर गेला की संघसूची एन्ट्री ४१, निर्यातीवरची ड्युटी एन्ट्री ८३. ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क आणि त्याच डिसेंबरात थेट बंदी, दोन्ही दिल्लीहून, आणि अधिकाराचा प्रश्न काढून बघितला तर दोन्ही लिहिलेल्या एन्ट्रीवर, इम्प्लाइडची गरजच नाही. साठ्यावरची मर्यादा १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याने, ती समवर्ती सूचीतल्या एन्ट्री ३३ वर, अन्नधान्याचा व्यापार. तो पोरगा म्हणाला म्हणजे पिकवायचं राज्यात आणि मारायचं केंद्रात. सर हसले पण खोडलं नाही.

मग खरा प्रश्न. २०२० चे शेतीचे कायदे संसदेने याच एन्ट्री ३३ च्या आधाराने केले, बाजार समितीच्या आवाराबाहेरच्या व्यापारापर्यंत. अन्नधान्याचा व्यापार या शब्दांत राज्याच्या बाजार एन्ट्रीला वळसा घालण्याएवढी जागा आहे का? कोर्टाने जानेवारी २०२१ ला स्थगिती दिली आणि त्याच वर्षाअखेर कायदेच मागे घेतले, त्यामुळे निकाल लागलाच नाही. पण २००२ चा तंबाखूचा निकाल आहे, आयटीसी विरुद्ध बाजार समिती, बिहारचं प्रकरण. तंबाखू उद्योग केंद्राने एन्ट्री ५२ खाली हातात घेतला, १९७५ ला टोबॅको बोर्ड कायदा केला, मग कच्च्या पानाची विक्रीही केंद्राच्याच पोटात येते असं आयटीसीचं म्हणणं. कोर्टाने ३ विरुद्ध २ ने सांगितलं, नाही, उद्योग म्हणजे तयार करण्याची प्रक्रिया, शेतातून आलेल्या कच्च्या मालाचा बाजार राज्याचाच, मार्केट फी राज्य घेऊ शकतं. म्हणजे पोट मोठं असलं तरी शेजाऱ्याच्या ताटातलं त्यात मोजायचं नाही. दोन न्यायाधीशांचं मत उलटं होतं हेही सरांनी वाचायला लावलं, आणि मला विचाराल तर अल्पमत वाचल्याशिवाय हा विषय कळतच नाही.

टॅक्सचा भाग आला तेव्हा अर्थातच मी पुढच्या बाकावर. इथला नियम एकदम वेगळा, टॅक्स कधीच गर्भित नसतो. १९५८ च्या सुंदररामय्यर केसपासून हे चाललंय, आपल्या सूच्यांमध्ये विषयाच्या एन्ट्री वेगळ्या आणि टॅक्सच्या वेगळ्या, विषय दिला म्हणून त्यावर टॅक्स लावता येत नाही. अगदी ताजं म्हणजे २५ जुलै २०२४, खाणींचा निकाल, नऊ न्यायाधीश, ८ विरुद्ध १. रॉयल्टी म्हणजे टॅक्स नाही, आणि संघसूची एन्ट्री ५४ मध्ये खाणींचं नियमन संसदेला दिलंय म्हणून खनिज हक्कांवर टॅक्स लावायची पॉवर त्यातून निघत नाही, तो टॅक्स राज्यसूचीत एन्ट्री ५० ला लिहिलाय. मार्शलच्या तराजूत हे बहुधा वेगळं तोललं गेलं असतं.

आणि माझा आवडता भाग. दुकानदाराने लागू नसलेला सेल्स टॅक्स गिऱ्हाइकाकडून घेतला आणि खिशात घातला, तर सरकार तो काढून घेऊ शकतं का? टॅक्सच नाही तर टॅक्स म्हणून मागायचा कसा? १९६४ ला अब्दुल कादर केसमध्ये कोर्ट म्हणालं नाही, जो टॅक्स नाहीच तो पूरक अधिकाराच्या नावाने वसूल करता येणार नाही. मग १९७७ ला अजित मिल्स, सात न्यायाधीश, न्या. कृष्ण अय्यर, मुंबई सेल्स टॅक्स कायदा १९५९ गुजरातला लागू होता त्यावरची केस. तिथे ठरलं की टॅक्स म्हणून नाही पण दंड म्हणून जप्त करता येतं, कारण गिऱ्हाइकाला लुटू न देणं हे टॅक्स कायदा नीट राबवण्याचाच भाग आहे. पैसा तोच, खिसा तोच, दाराची पाटी बदलली. या केसेस राज्यांच्या कायद्यावरच्या आहेत पण तत्त्व संसदेलाही तेच. जीएसटी कायद्याचं कलम ७६ मी रोज वापरतो, गोळा केलेला टॅक्स भरला नाही तर वसुली, आणि त्याच्यामागे एवढी मारामारी झालीय हे आमच्या लाइनमध्ये किती जणांना माहिती असेल.

आता किरकिर. सगळ्यात मोठी म्हणजे गोलकनाथ आणि केशवानंद, संसदेला घटना कुठवर बदलता येते यावरच्या दोन मोठ्या केसेस, एका दमात उरकले. गोलकनाथमध्ये १९६७ ला सरन्यायाधीश सुब्बा रावांनी म्हटलं होतं की कलम ३६८ मध्ये फक्त दुरुस्तीची प्रोसिजर आहे, दुरुस्ती करायची पॉवर २४५, २४६ आणि २४८ मधून येते, म्हणजे घटना बदलायचा अधिकार संसदेला उरलेल्या विषयांच्या पेटीतून मिळाला! एवढं भारी वाक्य आणि सर त्यावर थांबले नाहीत. १९७१ ला २४ वी दुरुस्ती करून तो अधिकार ३६८ मध्येच लिहिला, तेवढं सांगून पुढे. केशवानंदमधल्या इम्प्लाइड लिमिटेशन्स, म्हणजे दुरुस्तीच्या अधिकाराला न लिहिलेल्या मर्यादाही असतात हा वकील पालखीवालांचा युक्तिवाद, ही गोष्ट इम्प्लाइड पॉवर्सच्या बरोबर उलट्या दिशेची आहे आणि अर्धी बॅच अजून दोन्ही एकच समजते. इथे एक अख्खा रविवार द्यायला पाहिजे होता. ढिल्लन केस पण घाईत, १९७१, ४ विरुद्ध ३, शेतजमिनीवर वेल्थ टॅक्स एन्ट्री ९७ खाली चालतो, द्राक्षबागावाल्यांच्या नाशिकमध्ये यावर नुसता एक किस्सा? ठीक आहे, वेल्थ टॅक्स २०१५ ला गेला, तरी.

बाकी सोयी यथातथा. वेळ नऊची, सुरू होतं साडेनऊला, कारण सर मिसळ खाऊन येतात असा आमचा दाट संशय आहे. पार्किंग नाहीच, गाडी आणली तर लांब लावून चालत या. खिडकीकडची रांग सोडून पंख्याचं वारं कुणाला लागत नाही. ऑफिसमधून व्हॉट्सॲपवर जे पीडीएफ येतं त्यात टायपिंगच्या चुका भरपूर, एकीकडे शेषाधिकार, म्हणजे कुठल्याच सूचीत नसलेले विषय, राज्यांना दिलेत, ते तसंच पाठ करून कुणी पेपर लिहिला तर देव त्याचं भलं करो. सर स्वतः नोट्स देत नाहीत, लिहून घ्या म्हणतात आणि बोलतात सुसाट.

एमपीएससीवाल्यांना सरळ सांगतो. प्रीलिमला दोन मार्कांसाठी चार पर्याय हवे असतील तर इथे तुमचे रविवार वाया जातील, टेस्ट सिरीज नाही, शॉर्टकट नाही, आणि सर एमसीक्यू म्हटलं की तोंड वाकडं करतात. मेन्सला लिहायचं असेल, लॉ करत असाल, जेएमएफसी (खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशाची परीक्षा) डोक्यात असेल किंवा माझ्यासारखं टॅक्समध्ये काम असेल तर डोळे मिटून जा. नुसतं उत्सुकता म्हणून येणाऱ्यांनाही चालेल, काका तर परीक्षा कसलीच देत नाहीयेत आणि सगळ्यात जास्त प्रश्न त्यांचे.

पाचपैकी चार. कापलेला एक केशवानंदच्या घाईचा, पंख्याचा नाही.

आणि बेअर ॲक्ट स्वतःची न्या, तिथे उसनी मिळत नाही. मोठ्या भावाची जुनी कॉपी तर अजिबात नको, २०१६ च्या १०१ व्या दुरुस्तीत राज्यसूचीतल्या ५२ आणि ५५, संघसूचीतल्या ९२ आणि ९२सी या एन्ट्री गेल्यात आणि जीएसटीचं कलम २४६ए नवीन आलंय. सर एन्ट्री नंबरने हाक मारतात आणि जुनी कॉपी घेऊन बसलेला माणूस तासभर भलत्याच पानावर असतो.